पाटीवरचा ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’: सिडकोतील एका रिदमिक जिम्नॅस्टिक्स वर्गाचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात रिदमिक जिम्नॅस्टिक्सचा एक खासगी वर्ग चालतो आणि त्याच्या पाटीवर ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्रशिक्षण’ ही ओळ वर्गाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवलेली आहे. माझी मुलगी या वर्गात शिकते. पालकांच्या बाकावर बसून मी तेथील सराव पुष्कळ पाहिला आहे, आणि जालना, पैठण, वैजापूर येथून मुलींना घेऊन येणारे पालक प्रवेशाआधी जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे एका ठिकाणी मिळावीत, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे. वर्गाचे नाव मी जाणूनबुजून देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्यांतल्या बहुतेक आपल्याकडच्या अशा कोणत्याही वर्गात कमी-अधिक प्रमाणात सापडतील. पाटीवरची ओळ मात्र मी शब्दशः घेतली आहे. देशोदेशींच्या राष्ट्रीय संघांनी हा दर्जा कसा गाठला आणि त्या वाटेवर हा वर्ग एखाद्या मुलीला कुठपर्यंत नेऊ शकतो, हे तपासूनच मी माझे मत बनवले आहे.

दीपा कर्माकर हिने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट प्रकारात चौथा क्रमांक मिळवल्यापासून जिम्नॅस्टिक्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धावत येऊन घेतलेली उडी आणि हवेतल्या कोलांट्या येतात. तो आर्टिस्टिक प्रकार होय. रिदमिक प्रकारात मुलगी हूप (मोठे कडे), चेंडू, क्लब्ज (छोट्या मुदगलासारख्या दोन दांड्या) किंवा रिबन (काठीला बांधलेली लांब फीत) घेऊन संगीतावर आपली रचना सादर करते. दोरी हे पाचवे साधन आता वरिष्ठ गटाच्या वैयक्तिक स्पर्धेत राहिलेले नाही. एकटीची रचना सव्वा ते दीड मिनिटाची असते, पाच जणींच्या ग्रुपची सव्वादोन ते अडीच मिनिटांची, आणि दोन्हींसाठी कार्पेट लागते ते १३ मीटर लांब व १३ मीटर रुंद. या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १९६३ मध्ये बुडापेस्टला झाली, ऑलिंपिकमध्ये तो १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि ग्रुपचा प्रकार १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून सुरू झाला.

आता जागेकडे येऊ. हा वर्ग एका जुन्या मंगल कार्यालयाच्या सभागृहात भरतो. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर फोमच्या चटया आणि त्यांच्यावर शिवून जोडलेले कार्पेट अशी व्यवस्था आहे. चटयांचे जोड नीट बसवलेले असल्याने पाय अडकत नाही, ही जमेची बाजू. पण कार्पेट पूर्ण मापाचे नाही आणि ही उणीव वरवर दिसते तेवढी किरकोळ नाही. रेषेबाहेर पाय किंवा साधन गेले की स्पर्धेत गुण कापले जातात. म्हणून तेरा मीटरांत किती पावलांनंतर वळायचे हे शरीराच्या सवयीचे व्हावे लागते. लहान कार्पेटवर बसवलेली रचना मोठ्या कार्पेटवर नेली की मुली मधल्या भागातच घुटमळतात, कोपरे रिकामे राहतात. विभागीय स्पर्धेत आमच्या वर्गाच्या मुलींच्या बाबतीत नेमके हेच झाले होते.

याहून मोठी अडचण डोक्यावर आहे. सभागृहाला पाच पंखे आहेत आणि ते लांब दांड्यांवर खाली उतरवलेले आहेत. साधन उंच फेकायचे, ते हवेत असताना खाली किमान दोन गिरक्या किंवा कोलांट्या घ्यायच्या आणि ते पुन्हा पकडायचे, याला या खेळात ‘रिस्क’ म्हणतात. वरच्या पातळीवर हे घटक टाळून चालत नाही. आमच्याकडे फेक करायची तर दोन पंख्यांमधली जागा शोधावी लागते. माझ्या मुलीची रिबन एकदा बंद पंख्याच्या पात्यावर जाऊन बसली, आणि शिपाईमामांनी तंबूची काठी आणून ती सोडवीपर्यंत सगळ्यांचा सराव थांबला. मुली हसल्या, मॅडमही हसल्या; पण मॅडमनी त्यानंतर सगळ्यांच्या रचनेतली फेक एक हात कमी केली, हे बाकावरून स्पष्ट दिसत होते. अशी फेक अंगवळणी पडली की पुढे उंच छत मिळूनही ती वर जात नाही.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळीच आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचा पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि सभागृहात दोन मोठे कूलर लावलेले आहेत, पण रिबनचा सराव सुरू झाला की ते बंद करावे लागतात. वरिष्ठ गटाची रिबन सहा मीटर लांब असते आणि तिचे वजन, काठी सोडून, ३५ ग्रॅमपासून पुढे असते. एवढ्या हलक्या पट्टीला वाऱ्याची झुळूकही पुरते आणि हवेतला सर्पिल आकार मोडून गाठ पडते. मोठ्या आंतरराष्ट्रीय सभागृहांतही वातानुकूलन यंत्राच्या झोताबद्दल संघ तक्रारी करतात, तेव्हा आमच्या कूलरला दोष देण्यात अर्थ नाही. वर्गाने यावर काढलेला उपाय मात्र मला पटला. उन्हाळ्यात रिबनची वेळ सकाळी सहाची ठेवली जाते, आणि चेंडू व क्लब्ज यांचा सराव संध्याकाळी कूलर लावून होतो.

शिकवण्याची गुणवत्ता हा या वर्गाचा सर्वांत भक्कम भाग आहे. मुख्य प्रशिक्षक मॅडमनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतली आहे आणि त्या घाई करत नाहीत. नवीन मुलीच्या हातात पहिले काही महिने साधन दिलेच जात नाही. पाठीचा ताण, टाचा उचलून चालणे, एका पायावर तोल, लहान उड्या, एवढेच चालते. पालक कुरकुरतात. एकदा जालन्याहून येणाऱ्या एका काकांनी न राहवून विचारले, “मॅडम, आमच्या लेकराला फीत कधी भेटंल?” मॅडम म्हणाल्या, “काका, फीत मी आजच देते, पण मग ती फीतच नाचेल, लेकरू नाही.” काका त्यानंतर शांत बसले. स्प्लिट (दोन्ही पाय एका सरळ रेषेत ताणून बसणे) घेताना मुलीच्या पाठीवर किंवा मांडीवर बसून ताण देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. येथे ती मी एकदाही पाहिली नाही. मुलगी रडू लागली की सहायक ताई तिला बाजूला नेतात, आणि सराव पुन्हा सुरू करायचा की नाही हे त्या मुलीला विचारले जाते.

वजनाच्या बाबतीतही वर्गाची भूमिका स्वच्छ आहे, आणि यासाठी मी त्याला मनापासून गुण देईन. सभागृहात वजनकाटा नाही. इटलीच्या संघातल्या माजी खेळाडूंनी २०२२ मध्ये वजनावरून होणाऱ्या अपमानाविषयी जाहीरपणे सांगितले, त्याची चौकशी झाली आणि जगभरच्या पालकांना कळले की पदकांच्या मागे काय काय दडलेले असू शकते. ज्या संघाचे नाव ऑलिंपिकच्या पदकतालिकेत अनेकदा दिसते तेथे हे घडू शकते, तर गल्लीतल्या वर्गात त्यावर लक्ष कोण ठेवणार? आमच्या मॅडम मुलींच्या डब्यात डोकावतात ते शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आहे की फक्त बिस्किटे आहेत हे पाहण्यासाठी, आणि बिस्किटे दिसली तर बोलणी आईला बसतात.

साहित्याच्या बाबतीत मात्र मी समाधानी नाही. वर्ग प्रवेशाच्या वेळी हूप, चेंडू, क्लब्ज आणि रिबन असा संच विकतो आणि पावतीवर ‘स्पर्धा दर्जाचे साहित्य’ असे लिहितो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वरिष्ठ गटातला चेंडू १८ ते २० सेंटिमीटर व्यासाचा आणि किमान ४०० ग्रॅम वजनाचा असतो, हूपचा आतला व्यास ८० ते ९० सेंटिमीटर आणि वजन किमान ३०० ग्रॅम, तर क्लब प्रत्येकी किमान १५० ग्रॅम. आमचा चेंडू मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला, तेव्हा तो चारशेच्या बराच खाली भरला. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने हलका चेंडू वापरावा यात गैर काही नाही, उलट तेच योग्य आहे. पण मग त्याला स्पर्धेचा चेंडू म्हणून विकू नये. हलक्या चेंडूवर हात बसलेली मुलगी खरा चेंडू घेते तेव्हा तो हातावरून खांद्याकडे लोळवताना तिचा अंदाज चुकतो, आणि साधन निसटले की निदान अर्धा गुण जातो. रिबनचे कापड बरे आहे, काठीची पकड गुळगुळीत असल्याने घामाने सुटते. आम्ही तिच्यावर क्रिकेटच्या बॅटची ग्रिप चढवून घेतली आहे. पालकांनी संच घेण्याचा आग्रह मान्य करू नये, मुलीच्या वयाप्रमाणे एकेक साधन घ्यावे.

रचना बसवण्यात वर्गाची एक सवय मला खटकते. गुणांकन तीन भागांत होते: काठिण्य, कलात्मकता आणि सफाई. कलात्मकतेचे स्वतंत्र पंचमंडळ २०२२ पासून आले, आणि तेव्हापासून एखादी कठीण हालचाल संगीताच्या कोणत्या ठोक्यावर, कशासाठी येते हे पाहिले जाते. आमच्याकडे गाजत असलेले चित्रपटगीत घ्यायचे, त्याचे दीड मिनिट कापायचे आणि आधी ठरलेल्या हालचाली त्यावर बसवायच्या, असा क्रम आहे. शब्द असलेल्या संगीताला २०१३ पासून परवानगी मिळालेली असल्याने गाणे घेणे चूक नाही, पण त्या गाण्याशी हालचालीचे काहीएक नाते दिसायला हवे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनने ग्रुपचे सुवर्ण जिंकले. युरोपाबाहेरच्या देशाला या खेळात मिळालेले ते ग्रुपचे पहिलेच ऑलिंपिक सुवर्ण; त्यांच्या तीन रिबिनी आणि दोन चेंडूंच्या रचनेला आधार होता दुन्हुआंगच्या लेण्यांतल्या उडत्या अप्सरांचा. ज्या बौद्ध लेणी-परंपरेचे ते चित्रवैभव आहे तिची आधीची पाने अजिंठ्यात आहेत, आणि अजिंठा आमच्या सभागृहापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. मी हे मॅडमना सुचवले. त्यांना कल्पना आवडली, पण स्नेहसंमेलन जवळ आले होते आणि पालकांना ओळखीचे गाणे हवे होते.

या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ग्रुपचा आहे आणि येथेच पाटीवरची ओळ टिकत नाही. या खेळात एकटी गुणवान मुलगी कोठेही उगवू शकते. देशाचा संघ मात्र पाच जणी वर्षानुवर्षे एकत्र राहिल्या तरच उभा राहतो, कारण एकीने फेकलेला हूप दुसरीने पाठमोरी असताना पकडायचा असतो. स्पेनने १९९६ मध्ये अटलांटाला ग्रुपचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले ते बल्गेरियाहून आलेल्या प्रशिक्षक एमिलिया बोनेवा यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि त्या मुली माद्रिदमध्ये एकाच घरात राहून सराव करत होत्या. जपानने आपल्या ग्रुपला दीर्घकाळ रशियात सरावाला पाठवले. २०१९ मध्ये बाकूच्या जागतिक स्पर्धेत त्यांना दोन्ही रचनांच्या एकत्रित गुणांच्या प्रकारात रौप्य मिळाले आणि २०२५ मध्ये रिओच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण. चीनच्या ग्रुपला घडवण्यात रशियाकडून दोन ऑलिंपिक सुवर्णे जिंकलेल्या अनास्तासिया ब्लिझ्न्युक यांचा वाटा होता. या तिन्ही देशांनी बाहेरचे ज्ञान बोलावले किंवा ते शिकायला स्वतः बाहेर गेले, आणि मुलींना एका छपराखाली ठेवले.

ब्राझीलचे उदाहरण मराठवाड्यातल्या वाचकांनी जरा थांबून पाहावे असे आहे. तेथील राष्ट्रीय संघाचे केंद्र साओ पावलोत नाही आणि रिओतही नाही; ते ईशान्येकडच्या सेर्जिपे नावाच्या छोट्या राज्याच्या राजधानीत, आराकाजू येथे आहे. मुली देशभरातून तेथे येतात आणि राहतात. पॅरिसमध्ये प्राथमिक फेरीत एका खेळाडूला दुखापत झाली आणि त्यांचा ग्रुप अंतिम फेरीला मुकला. पुढच्याच वर्षी मायदेशी झालेल्या जागतिक स्पर्धेत त्यांनी जपानच्या पाठोपाठ रौप्य मिळवले. मोठे शहर, मोठे स्टेडियम, मोठा पुरस्कर्ता यांच्याशिवाय काही होत नाही, हे आपल्याकडे नेहमी ऐकू येणारे वाक्य मला तेव्हापासून फारसे पटत नाही.

भारताची वाटचाल मात्र एकेकट्या मुलींची आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ठाण्याच्या पूजा सुर्वे यांच्यासारख्या खेळाडू उतरल्या, २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला हैदराबादची मेघना रेड्डी आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला जम्मूची बवलीन कौर. सुर्वे पुढे प्रशिक्षक झाल्या आणि ठाण्यात घडलेल्या संयुक्ता काळे हिने खेलो इंडिया स्पर्धेत सुवर्णांची रांग लावली. ही नावे अभिमानाची आहेत. पण राष्ट्रकुल स्पर्धेत ग्रुपचा प्रकारच नसतो; तेथील सांघिक क्रमांक एकेकटीच्या गुणांची बेरीज करून लागतो, आणि आपल्याकडचे बहुतेक नियोजन राष्ट्रकुलच्या तारखांभोवती फिरत असल्याने पाच जणींचा ग्रुप घडवण्याची निकड कोणालाच वाटत नाही. त्यात राष्ट्रीय महासंघातली गटबाजी वर्षानुवर्षे चालली. तिची झळ सर्वाधिक बसली ती ज्यांना चार पालकांपलीकडे पाठीराखा नव्हता अशा रिदमिकच्या मुलींना.

आमच्या वर्गात ग्रुप झाला होता. स्नेहसंमेलनासाठी पाच मोठ्या मुलींची पाच हूपची रचना बसली, ती राज्य स्पर्धेपर्यंत नेण्याचे ठरले आणि काही महिने त्या मुली खरोखर एकमेकींचे श्वास ओळखू लागल्या होत्या. मग दहावीचा निकाल लागला. दोघी अकरावी-बारावीच्या तयारीसाठी लातूरला गेल्या, एकीने नीटचा क्लास लावला, आणि उरलेल्या दोघींना ग्रुप राहिला नाही म्हणून वर्गाने वैयक्तिक तुकडीत टाकले. या खेळात वरिष्ठ गट सुरू होतो सोळाव्या वर्षी, आणि आपल्याकडे मुलीचा खेळ सुटतो तोही नेमका त्याच वर्षी. लातूर पॅटर्नला मी दोष देत नाही. डॉक्टर झालेल्या मुली त्यातूनच आल्या आहेत. पण वर्गाला हे दरवर्षी घडणार हे ठाऊक असते, तरीही दहा-अकरा वर्षांच्या मुलींचा ग्रुप आधीपासून बांधायला तो तयार नाही. विचारले तर उत्तर मिळते की वैयक्तिक पदकाला दहावीचे वाढीव गुण मिळतात आणि पालकांना तेच हवे असते. हे उत्तर खोटे नाही. पालक म्हणून मीही त्या गुणांची चौकशी केली होती.

मराठवाड्याला संघ बांधता येत नाही असे कोणी म्हणू नये. धाराशिवच्या मैदानांवर खो-खोच्या मुली लहानपणापासून एकत्र खेळतात. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार आणि २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती सारिका काळे याच मातीतली. तेथे मैदान सरकारी किंवा शाळेचे असते, फी नाममात्र असते आणि एकीचा खेळ दुसरीवर अवलंबून आहे हे पालकांनाही कळते. आमच्या वर्गात फी महिन्याला एखाद्या बऱ्या भरतनाट्यम वर्गाइतकी आहे, स्पर्धेचा पोशाख, प्रवास आणि संगीत-संपादन यांचा खर्च वेगळा, आणि तो प्रत्येक पालक आपल्या मुलीपुरता करतो. खर्च असा वाटला गेला की ‘माझी मुलगी पुढे का नाही’ हा प्रश्न बाकावर दररोज बसलेला असतो. ग्रुपचा पोशाख आणि प्रवास वर्गाने एकत्रित निधीतून करावा, अशी सूचना मी आणि आणखी काही पालकांनी लेखी दिली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

एवढे सगळे लिहूनही मी मुलीला या वर्गातून काढलेले नाही. पाच ते दहा वर्षांच्या मुलीसाठी संभाजीनगर परिसरात याहून काळजीपूर्वक पाया घालणारे शिक्षण माझ्या पाहण्यात नाही, आणि पाच चांदण्या द्यायच्या झाल्या तर या वयोगटासाठी मी चार देईन. बारा वर्षांपुढच्या मुलीसाठी दोनच. त्या वयात पूर्ण मापाचे कार्पेट, उंच छत आणि बरोबरीच्या चार जणी लागतात. येथे त्यांतले काहीही नाही, आणि ठाणे किंवा पुणे गाठण्याचा विचार घरात लवकर सुरू करावा लागतो.

नवीन तुकडी जूनमध्ये शाळांबरोबर सुरू होते. प्रवेशाआधी मुलीला एक दिवस सरावाला बसू द्यावे अशी विनंती केली तर मॅडम नाही म्हणत नाहीत, म्हणून ती करावी. त्या दिवशी छताकडे एकदा बघून घ्यावे, संचाऐवजी फक्त हाफ शूज (पायाचा पुढचा भाग झाकणारे सरावाचे बूट) आणि पुढे लागेल ते एक साधन घ्यावे, आणि वर्षाची फी एकरकमी भरल्यास मिळणाऱ्या सवलतीचा मोह टाळावा. पंखे वर बसवण्याचे आश्वासन गेल्या दिवाळीपासूनचे आहे, तोवर तिमाही पावती पुरे.